मधले दिवस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, "सर, डॉक्टरांकडे जाऊन आलो. सहा दिवस नैराश्यावरच्या गोळ्या घेतोय, काही उपयोग नाही." आणि लगेच कम्बाइनच्या, म्हणजे एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेच्या तारखेवर घसरलास. मी तेव्हा विचारलं नाही, ते चुकलंच. आता विचारतो: जीव नकोसा वाटतो का? मरायचे विचार येतात का? विचारल्याने असे विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाहीत. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं पहिल्यांदा घडाघडा बोलतात. अभ्यासिकेच्या जिन्यात हे मी पाहिलंय.

मला धास्ती आहे ती या मधल्या दिवसांची. मदत मागून झालेली, पण अजून गुण आलेला नाही. या गोळ्यांना साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून! आणि पंचविशीच्या आत सुरुवातीला कधी कधी तगमग किंवा मरणाचे विचार वाढतात. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. गोळ्या मनानेच बंद करू नकोस.

मला पहिल्या डॉक्टरांनी "लग्न करा, सगळं ठीक होईल" म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं. मग वर्षभर मी कुणाकडे फिरकलो नाही. फार वाईट गेलं ते वर्ष. दुसऱ्या डॉक्टरांशी जमलं. तेव्हा डॉक्टर नाही पटले तर बदल, उपचार सोडू नकोस.

आज एवढं कर. गोळ्यांचं पाकीट रूममेटकडे दे, रोजची रोज मागून घे. त्याला कारणही सांग. मरणाच्या विचारांची लाट येते तशी बहुतेक वेळा ओसरतेही. तेवढा वेळ एकटं राहायचं नाही. वेळापत्रकाच्या पाठीमागे लिहून ठेव: घालमेल सुरू झाली की आधी खोलीबाहेर, मग रूममेट, मग मी (रात्री दोनलाही), मग १४४१६. ही सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ पासून आहे; फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. अगदीच हाताबाहेर गेलं तर ११२, नाहीतर रिक्षा करून थेट जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत.

पोलीस केसची भीती वाटते म्हणालास. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढ. कलम ११५ सांगतं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही. उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम. उपचारांच्या गुप्ततेचा हक्क कलम २३ मध्ये आहे. पॉलिटीच्या नोट्समध्ये घालून टाक, परीक्षेलाही येईल.

शनिवारी अपॉइंटमेंटला मी येतो. आत तू एकटाच जा, मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसेन. नंतर मिसळ खाऊ. पण वरच्या प्रश्नाचं उत्तर शनिवारपर्यंत ठेवू नकोस. पत्र वाचलंस की लगेच फोन कर.

तुझा,
सर