नंबर काढायचा की ठेवायचा?

प्रश्न : आम्ही चौघं शहापूर-वडगाव भागातले. कॉलेजात असल्यापासून फुटबॉल बघायला गोव्याला जातोय. १९९० साली मडगावला संतोष ट्रॉफीची, म्हणजे राज्याराज्यांतल्या स्पर्धेची फायनल झाली, गोव्यानं केरळला २-० नं हरवलं, तेव्हाही होतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्यातला एक गेला. तसा वल्ली माणूस. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत दरवर्षी न चुकता चालणार आणि मार्च २०२३ मध्ये कर्नाटकानं संतोष ट्रॉफी जिंकली त्या रात्री आमच्या दारात मिठाई म्हणून कुंदा घेऊन उभा! विचारलं तर म्हणाला, ‘मी बॉलच्या बाजूचा.’

चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. रोज वाद, रेफ्रीला शिव्या. आता त्याचा फोन वहिनींकडे असतो, त्यामुळं कुणी काही लिहीत नाही. सणाला शुभेच्छा तेवढ्या पडतात. एक मित्र म्हणतो, त्याचा नंबर काढून टाकू. दुसरा म्हणतो, तिघांचा नवा ग्रुप करू. मला दोन्ही पटत नाही. शिवाय त्याचा मुलगा वर्षश्राद्धाच्या सुमारास वडिलांच्या नावानं चषक भरवायचं म्हणतोय. काय करावं?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : कुंद्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. तो चषक कर्नाटकाकडे ५४ वर्षांनी आला होता, तोही रियाधमध्ये, मेघालयाला ३-२ नं हरवून. मागचा जिंकला तेव्हा राज्याचं नावसुद्धा म्हैसूर होतं. ज्या गावात दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटायची वेळ येते, तिथं हा माणूस काळी फीतही बांधतो आणि कुंदाही वाटतो. मला तरी यात विसंगती दिसत नाही. असो.

मीही तुमच्याच वाटेवरचा. आमचा चौथा शाळेच्या संघात गोलरक्षक होता, म्हणून शेवटपर्यंत ‘गोली’च. मीटर गेजच्या काळात लोंढ्याला गाडी बदलून, दूधसागर बघत मडगाव गाठायचं, डबा गोलीच्या घरचा. आम्ही गोव्याच्या धेंपो क्लबवाले. तो गेला, त्यानंतरची पहिली मॅच आम्ही तिघांनी माझ्या घरी बघितली. काय सांगू, इतके सभ्य आम्ही जन्मात नव्हतो. ऑफसाइड दिला, कुणी बोललं नाही. पेनल्टी नाकारली, कुणी बोललं नाही. हाफटाइमला एकजण म्हणाला, ‘बरी चाललीय.’ गोली असता तर त्यानं टीव्हीवर उशी फेकली असती.

पुढं दोन-तीन महिन्यांनी गोलीच्या घरी वहिनींकडं गेलो. चहा ठेवताना आतूनच म्हणाल्या, ‘भावजी, आता भांडत नाही काय तुम्ही? चाळीस वर्षं ऐकलंय मी. ‘काय करूलालास रे, बॉल सोड की!’ असं कुणी ओरडलं नाही तर रविवार वाटत नाही हो.’ मग त्यांनी कुंद्याचा एक जुना डबा आणून समोर ठेवला. आत सगळी तिकिटं, अर्धी फाडलेली, काही पावसात भिजून एकमेकांना चिकटलेली. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं हिशोब: गाडीभाडं, चहा, भजी, कुणी दिले, कुणाकडून येणं. एकावर माझं नाव आणि पुढं ‘११ रु. बाकी’. वहिनी म्हणाल्या, ‘हे तुमचे राहिलेत बघा.’ मी दहाची नोट आणि एक रुपया दिला. त्यांनी नाही म्हटलं नाही, तिकिटाबरोबर डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

आपण समजत होतो की बायकांच्या कानावर पडू नये म्हणून गप्प बसावं. त्यांनी तर सगळं ऐकलेलं असतं, वर हिशोबही ठेवलेला असतो.

तुमच्या नंबरावरून मला दुसरा एक नंबर आठवला. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कंठीरवा मैदान, फेडरेशन कपची फायनल, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन क्रिस्टियानो ज्युनियर. त्यानं आपला दुसरा गोल केला, त्यातच बागानच्या गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो कोसळला तो उठलाच नाही. चषक जिंकला धेंपोनं, पण आमच्या गोलीनं त्या रात्री जेवायला नकार दिला. क्लबनं पुढं क्रिस्टियानोची १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. पण संघ मैदानात उतरत राहिला आणि त्याच मोसमात राष्ट्रीय लीगही जिंकला. तुम्ही उलटं केलंय. नंबर ठेवलाय आणि खेळ थांबवलाय.

तेव्हा नंबर काढू नका, पण ठेवायचा की नाही हे तिघांत बसून ठरवूही नका. वहिनींकडं जा आणि सरळ विचारा. नको म्हणाल्या, तर त्याच क्षणी काढा, आढेवेढे नकोत. तिघांचा नवा ग्रुप मात्र अजिबात नको. वहिनींना कळल्यावाचून राहणार नाही, आणि मग त्यांच्या हातातल्या फोनवर दसरा-दिवाळीच्या पणत्या तेवढ्या येत राहतील.

चषकाचं म्हणाल तर मुलाचा उत्साह मोडू नका, पण एक सांगा. पहिल्या वर्षी फ्लेक्स लागतो, पाहुणे येतात, फेटे बांधतात. तिसऱ्या वर्षी वर्गणी मागताना लोक रस्ता बदलतात. त्यापेक्षा वडिलांच्या शाळेच्या मैदानाला गोलच्या दोन जाळ्या आणि डझनभर बॉल द्यावेत. जाळी फाटली की पुन्हा द्यावी. यात फ्लेक्स मराठीत की कन्नडात हा प्रश्नही उरत नाही. बॉलला भाषा लिहायला जागा कमी असते.

आणि येत्या रविवारी मॅच संपली की ग्रुपवर पहिला मेसेज तुम्हीच टाका. रेफ्रीपासून सुरुवात करा. शिव्या जरा हलक्या घ्या, वहिनी वाचतायत.