परदेशी अधिकाऱ्यांवर निर्बंध घातल्याने मानवाधिकारांचे उल्लंघन थांबते का?

दुसऱ्या देशातील पोलीस वा लष्करी अधिकाऱ्यांवर एखाद्या सरकारने निर्बंध घातले, तर प्रत्यक्षात काही फरक पडतो का, असे आपण विचारले आहे. फरक पडतो, असे माझे मत आहे आणि ते बांगलादेशातील ‘रॅब’ (रॅपिड अ‍ॅक्शन बटालियन) या विशेष पोलीस दलावरून बनले आहे.

रॅपिड अ‍ॅक्शन बटालियन हे दल २००४ मध्ये स्थापन झाले. संशयिताला उचलून न्यायचे आणि नंतर तो ‘बंदुकयुद्धात’ मारला गेल्याचे जाहीर करायचे, असे आरोप त्याच्यावर वर्षानुवर्षे होत राहिले. ‘चकमकीत ठार’ हे शब्द मराठी वाचकालाही नवे नाहीत. मे २०१८ मध्ये टेकनाफचे नगरसेवक एकरामुल हक याच रीतीने मारले गेले, मात्र त्या वेळी फोन सुरू होता आणि गोळ्यांचा आवाज त्यांच्या कुटुंबीयांच्या कानांवर पडत होता. ते ध्वनिमुद्रण पत्नीने धैर्याने पत्रकारांपुढे ठेवले. १० डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेने ‘रॅब’वर आणि त्याच्या आजी-माजी अधिकाऱ्यांवर निर्बंध जाहीर केले, तेव्हा माजी महासंचालक बेनझीर अहमद यांना प्रवेशबंदी करताना याच हत्येचा उल्लेख होता. त्यानंतर ‘बंदुकयुद्धातील’ मृत्यू झपाट्याने घटले. जे न्यायालयांना जमले नव्हते, ते मालमत्ता गोठण्याच्या आणि व्हिसा नाकारला जाण्याच्या धास्तीने काही अंशी साधले.

हे निर्बंध ज्या कायद्यावर आधारलेले आहेत, तो २०१६ चा अमेरिकेचा ग्लोबल मॅग्निट्स्की कायदा मॉस्कोच्या कोठडीत २००९ मध्ये मरण पावलेले रशियन करसल्लागार सर्गेई मॅग्निट्स्की यांच्या नावाने ओळखला जातो. त्याची अंमलबजावणी निःपक्षपाती नाही. सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येसाठी १७ सौदी नागरिकांवर निर्बंध आले. खशोगी यांना पकडण्याच्या वा ठार मारण्याच्या कारवाईस सौदी युवराजांनी मान्यता दिल्याचा निष्कर्ष अमेरिकी गुप्तचरांनीच काढला, तरी युवराजांना हात लागला नाही. हा अन्याय मला खुपतो.

तरीही या कायद्यातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. मानवाधिकार संघटनांनी जमवलेली माहिती विचारात घेण्यास तो सांगतो, त्यामुळे गावोगाव फिरून मृतांची नावे टिपणाऱ्यांच्या वह्यांना वजन येते. त्याची किंमतही तेच मोजतात. ढाक्यातील ‘अधिकार’ या संघटनेची नोंदणी निर्बंधांनंतर सहा महिन्यांतच नूतनीकरण नाकारून संपवण्यात आली आणि २०१३ च्या एका अहवालासाठी तिचे सचिव आदिलुर रहमान खान यांना सप्टेंबर २०२३ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये शेख हसीना यांचे सरकार कोसळले आणि अंतरिम सरकारचे सल्लागार म्हणून शपथ घेणाऱ्यांत तेच आदिलुर रहमान होते.