घरचा स्विमिंग पूल: बांधून झाल्यावर दरवर्षी किती पैसे लागतात?

तळेगावला बंगल्याचं काम चालू आहे, मागच्या अंगणात २५ बाय १२ फुटांचा पूल काढायचाय, ठेकेदार १२ लाख म्हणतोय, तर पुढे वर्षाला काय लागेल, असं तुम्ही विचारलंय. पुणे-लोणावळा पट्ट्यातल्या बंगल्यांचे पूल सांभाळणं हाच आमचा धंदा, म्हणजे तुम्ही पूल बांधलात तर भलं माझ्यासारख्याचंच आहे. तरी सरळ सांगतो: वर्षाला सव्वा ते दीड लाख. मोठ्या दुरुस्त्या यात धरलेल्या नाहीत. आणि घरची मंडळी रोज पोहोत की फक्त मेच्या सुट्टीत, हा आकडा फारसा हलत नाही. भाकड म्हैस दावणीला असली तरी वैरण घालावीच लागते, तसलाच हा प्रकार. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये यातली एक ओळ नसते.

आधी पाण्याचं बघू. एका टोकाला साडेतीन, दुसऱ्या टोकाला पाच फूट खोली धरली तर पूलमध्ये साधारण ३६ हजार लिटर पाणी मावेल. दहा हजारी टँकर चार. पण हे एकदाच. चटका बसतो तो एप्रिल-मेमध्ये. कोरड्या हवेत रोज ७-८ मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं. ३०० चौरस फुटांवर ते दिवसाला दोनशे लिटर होतं. आठवड्यातून एकदा बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टरमधली घाण बाहेर सोडायची, त्यात सात-आठशे लिटर जातं. मुलं उड्या मारून काठावर सांडतात ते वेगळंच. उन्हाळ्यात महिन्याला एक टँकर धरूनच चाला. एरवी हजार-बाराशेला येणारा टँकर मेमध्ये दोन हजारांवर जातो आणि आपण मुकाट्याने देतो.

'आमची बोअर आहे' हे मी नेहमी ऐकतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुधा जड असतं. वर्षभरात पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्सवर पांढरा थर धरतो, तो ॲसिडने काढायचा, आणि ते ॲसिड टाइल्समधलं ग्राउट, म्हणजे सांध्यांतला भराव, खातं. त्यामुळे बोअरचं पाणीही फुकट पडत नाही. शिवाय बोअर मेमध्ये आटली की टँकर आहेच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. तसलं साल आलं तर गल्लीतल्या लोकांदेखत पूलमध्ये टँकर रिकामा करताना काय वाटेल, ते तुमचं तुम्ही ठरवा.

वीज सोपी आहे. एक एचपीचा पंप दिवसाला सात तास चालला तर महिन्याला दोनशेवर युनिट होतात. ही युनिटं घरच्या वापराच्या डोक्यावर बसतात, त्यामुळे महावितरणच्या वरच्या स्लॅबचा दर लागतो. सगळे आकार धरून पंधरा रुपये युनिट मानलं तर महिन्याला तीन हजार. छतावर सोलर बसवणार असाल तर तीन किलोवॉटला पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं; पंप दिवसा चालवायचा असल्याने हे गणित चांगलं जुळतं. आणि पंप व्हेरिएबल स्पीडचा, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणाराच घ्या. वेग निम्मा केला की वीज एक अष्टमांश लागते. मग दुप्पट वेळ चालवला तरी बिल साधारण पाव होतं. घेताना महाग वाटतो, पण ठेकेदार हट्टाने साधा पंप देत असेल तर तुम्ही हट्टाने नको म्हणा.

माणूस आणि औषधं. आठवड्यातून दोन-तीनदा येऊन जाळी मारणारा, व्हॅक्यूम करणारा माणूस महिन्याला पाच हजारांच्या खाली मिळत नाही. क्लोरीन, ॲसिड, सोडा ॲश, तुरटी मिळून दीड-दोन हजार. पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) राखायचं, एवढं कुणीही सांगतो. न सांगितली जाणारी गोष्ट अशी. बाजारात मिळणाऱ्या टीसीसीए ९० च्या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं. ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं, म्हणून थोडं हवंच. पण क्लोरीन खर्च होतं आणि हे पाण्यात साठत जातं. पाणी उडालं तरी ते मागेच राहतं. दिवाळीपासून फक्त गोळ्यांवर चालवलेल्या पूलमध्ये मार्च-एप्रिलपर्यंत ते १०० पीपीएमच्या वर गेलेलं असतं. मग पाणी तपासायच्या किटमध्ये क्लोरीन व्यवस्थित दिसतं आणि पाणी मात्र हिरवं! मालक आणखी गोळ्या टाकतो, कुणीतरी मोरचूद सुचवतं, पाणी काही निवळत नाही. सायन्युरिक उतरवण्याचा व्यवहारातला उपाय एकच: निम्मं पाणी सोडून नवं भरायचं, आणि तेही ऐन टँकरच्या मोसमात. म्हणून महिन्यातले काही दिवस गोळीऐवजी साधं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, वापरणारा माणूस ठेवा आणि सायन्युरिकची टेस्ट करायला लावा. एक मात्र पक्कं: टीसीसीए आणि ब्लीचिंगसारखी कॅल्शियम हायपोची पावडर एका डब्यात, एका मापाने कधी हाताळू नका. त्यातून पेट घेतल्याचे, भडका उडाल्याचे प्रकार होतात.

मिठाच्या पूलची जाहिरात तुमच्यापर्यंत आली असेलच. तोही क्लोरीनचाच पूल, फक्त क्लोरीन मशीन तयार करतं. जड पाण्यात त्या मशीनच्या सेलवर थर धरतो आणि काही वर्षांनी सेल बदलावा लागतो, जो स्वस्त नाही.

आता मोठी कामं. फिल्टरमधली वाळू पाचेक वर्षांनी, पंप आठ-दहा वर्षांनी (व्होल्टेज पडत असेल तर वाइंडिंग आधीच जळतं), ग्राउट त्याच्याही आधी. आणि दहा-बारा वर्षांत कधीतरी टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग. तुमच्या मापाला तळ आणि भिंती मिळून सहाशेवर चौरस फूट होतात. आजच्या दराने दोन-अडीच लाखांच्या खाली कुणी हात लावणार नाही. दहा वर्षांची बेरीज केलीत तर बांधकामापेक्षा देखभाल जास्त भरते.

पाणी कमी होतंय म्हणून लगेच फोडाफोडी करू नका. गळती आहे की नुसतं उन्हाने जातंय, ते बादलीने कळतं. पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात पूलइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरायचं, आतून आणि बाहेरून पेन्सिलने खूण करायची, पंप बंद ठेवून चोवीस तास थांबायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन. पूलचं जास्त उतरलं तर गळती, आणि मग आधी लाइट बसवलेल्या जागा आणि पाइपची तोंडं तपासायची. निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो.

'नाही परवडलं तर रिकामा ठेवू' हा विचार डोक्यातून काढा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की ते रिकाम्या हौदाला खालून उचलतं, तळ फुगतो, भिंतींना तडे जातात. तुमच्या प्लॉटची माती काळी असेल तर ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, म्हणजे आणखी ताण. भरून ठेवून औषध बंद केलंत तर आठवडाभरात डास, आणि डेंग्यूच्या दिवसांत दारात नोटीस. गप्पी मासे सोडून दिवस काढलेले बंगले मी पाहिलेत. खरंच बंद करायचा तर तळाला भोकं पाडून मुरूम भरायचा आणि दाबायचा. तोही खर्चच.

घर वीकेंडला भाड्याने देणार असाल तर गोष्ट वेगळी. लोणावळ्यात पूल नसलेल्या बंगल्याची चौकशी निम्मी होते, तिथे पूल स्वतःचा खर्च काढतो. स्वतःपुरता असेल तर माझं मत: पोहणारी माणसं घरात किती आहेत ते मोजा, आणि मुलं अजून किती वर्षं घरी राहणार तेही. हौस असेल तर १५ बाय ८ चा करा. पाणी, औषध, टाइल्स सगळं त्या मापात उतरतं. वरून कव्हर घ्या, उडणारं पाणी बरंच वाचतं. मात्र बबल कव्हर पोराचं वजन पेलत नाही, तेव्हा कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक बजेटमध्ये धराच. आणि बॅकवॉशचं पाणी कुठे सोडायचं ते आर्किटेक्टला आत्ताच नकाशात दाखवायला सांगा. ते थेट झाडांना चालत नाही, आणि उतारावरून शेजाऱ्याच्या आवारात गेलं की भांडण ठरलेलं.