माळ्यावर सापडलेला जुना होम कॉम्प्युटर लगेच लावून पाहावा का, आणि गोव्याच्या हवेत हा छंद जमतो का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. चवथीच्या साफसफाईत तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेल्या, काकांच्या ट्रंकेत रबरी बटणांचा सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, त्याचा अडॅप्टर आणि काही कॅसेट सापडल्या आहेत. तो लावून पाहावा का, हा पहिला भाग. अशी यंत्रे जमवून दुरुस्त करण्याचा छंद मडगावात राहून धरावा का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘आत्ता नको’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘जरूर धरा, पण जेवढी यंत्रे कोरडी ठेवता येतील तेवढीच घरात आणा’ असे आहे.

फोंड्याला माझ्याकडे अशी काही यंत्रे आहेत आणि त्यांच्यावर काम करताना हे ठाम पटले आहे की आपल्याकडे त्यांना वयापेक्षा दमट हवा अधिक भोवते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि किनाऱ्याकडचा खारा वारा यांमुळे स्क्रूंच्या डोक्यांवर गंज चढतो, कनेक्टरवर हिरवट पूड जमते आणि सॉकेटमध्ये बसवलेल्या आयसींचे (म्हणजे चिप्सचे) पाय काळे पडून आतला स्पर्श तुटतो. बाणावलीकडच्या एका घरातून आलेले यंत्र अगदी निपचित होते, पण त्यातला एकही भाग जळालेला नव्हता. रॉमची, म्हणजे यंत्राचा कायमचा प्रोग्रॅम असलेली, चिप सॉकेटमधून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उचकटत बाहेर काढली, तिचे काळवंडलेले पाय शाळेतल्या खोडरबराने चकचकीत होईपर्यंत घासले, सॉकेटच्या भोकांत आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून ते वाळू दिले आणि चिप पुन्हा बसवली; यंत्र सुरू झाले. म्हणून माझे मत असे की सोल्डरिंगचे सामान हातात घेण्याआधी साफसफाई पूर्ण करावी. निम्मे दोष तिथेच सापडतात असे म्हणणार नाही, पण न सापडलेला दोष नेमका कुठे आहे हे त्यानंतरच नीट कळते.

आता तुमच्या स्पेक्ट्रमकडे वळू. हे यंत्र एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले, त्यात ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर आहे आणि त्याचा अडॅप्टर नऊ व्होल्ट, १.४ अँपिअरचा आहे. ब्रिटनमधला वीजपुरवठा आपल्यासारखाच ५० हर्ट्झचा आणि व्होल्टेजही जवळपास तेवढेच असल्यामुळे त्या बाबतीत अडचण नाही. मात्र काकांनी तो एखाद्या अमेरिकी बंदरात घेतला असेल, तर अडॅप्टर ११० व्होल्टचा असू शकतो, तेव्हा आधी लेबल वाचा. नंतर अडॅप्टर यंत्राला न जोडता एकटाच लावून मल्टिमीटरने मोजा. तो रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, नसल्यामुळे काहीही न जोडता बारा-तेरा व्होल्टसुद्धा दिसतात आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. लक्ष द्यायचे ते पिनेच्या ध्रुवांकडे, कारण स्पेक्ट्रमला मधला भाग ऋण लागतो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नऊ व्होल्टच्या अडॅप्टरांचा मधला भाग धन असतो. ‘पिन बसते, म्हणजे चालेल’ या हिशेबाने तो जोडला, तर आतला व्होल्टेज तयार करणारा भाग जातो.

त्या भागाचे काम समजून घेतले की या यंत्राची बरीचशी दुरुस्ती समजते. नऊ व्होल्ट आत आल्यावर ७८०५ हा रेग्युलेटर त्यातून पाच व्होल्ट काढतो, तर एक छोटे कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून अधिक बारा आणि उणे पाच व्होल्ट तयार करतात. ही दोन व्होल्टेज खालच्या १६ किलोबाइट मेमरीतल्या ४११६ या आठ चिप्ससाठी लागतात. उणे पाच गेले आणि अधिक बारा मात्र चालू राहिले, तर या चिप्स थोड्याच वेळात कायमच्या निकामी होऊ शकतात आणि म्हणूनच ‘एकदा लावून तर बघू’ हा मोह आवरावा लागतो. खालचे पाच स्क्रू काढा, पण झाकण एका झटक्यात वर ओढू नका. कीबोर्डच्या मेंब्रेनच्या (बटणांखालच्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याच्या) दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या वाळक्या पानासारख्या तुटतात. तुटल्याच तर नवीन मेंब्रेन आजही बनतात, त्यामुळे फार हळहळण्याचे कारण नाही.

आत पाहिल्यावर आडवे पडलेले दिसणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे दोन टोकांना दोन तारा असलेले छोटे नळकांडे, फुगले आहेत का किंवा टोकाशी ओलसर डाग आहे का ते पाहा. ते सगळेच बदलून टाकावेत, असा सल्ला मी देतो. खर्च किरकोळ आहे आणि सोल्डरिंगचा सरावही होतो, फक्त जुने काढण्यापूर्वी धन-ऋण बाजूंचा फोटो घेऊन ठेवा. त्यानंतर यंत्र सुरू करून लगेच एका ४११६ चिपच्या पायांवर मोजा: पहिल्या पायावर उणे पाच, आठव्यावर अधिक बारा, नवव्यावर अधिक पाच मिळाले पाहिजेत आणि सोळावा पाय ग्राउंड आहे. यातले एक जरी नसेल तर त्याच क्षणी प्लग काढा. सगळे जागच्या जागी असतील तर पडदा क्षणभर काळा होऊन मग पांढरा होईल आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ उमटेल. तिच्याऐवजी रंगीत चौकोन किंवा उभे पट्टे स्थिर राहिले तर पहिला संशय मेमरीवर घ्यावा, आणि एखादी मेमरी चिप बोट टेकवत नाही इतकी तापत असेल तर तिच्यावर.

टीव्हीच्या बाबतीत सांगायचे तर स्पेक्ट्रम पूर्वीच्या अँटेनाच्या सॉकेटमधून यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर चित्र देतो. आजच्या टीव्हीवर ते लागले तरी मुंग्या येतात. ब्रिटनची आणि आपली ध्वनिपद्धती थोडी वेगळी आहे, पण आवाज यंत्रातल्याच स्पीकरमधून येत असल्यामुळे त्याने बिघडत नाही. चित्राचे टीव्ही-चॅनेलच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या मॉड्युलेटरच्या आधीच कॉम्पोझिट व्हिडिओ (टीव्हीच्या व्हिडिओ सॉकेटला थेट चालणारे चित्र) काढून तो सॉकेटला जोडण्याची लहानशी दुरुस्ती सर्वमान्य आहे. मूळ अवस्था बिघडली म्हणून कुरकुरणाऱ्यांकडे मी तरी दुर्लक्ष करतो, कारण ती पुन्हा पूर्ववत करता येते.

या यंत्राचे प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असतात, पण सापडलेल्या कॅसेट मात्र अजिबात वाजवू नका. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट पूड दिसत असेल तर ती बुरशी आहे आणि प्लेअरच्या हेडला लागून ती पुढच्या कॅसेटवर जाते. त्याऐवजी मोबाइलवरून प्रोग्रॅमची ध्वनिफाईल वाजवून, हेडफोनच्या वायरने यंत्राच्या ‘इअर’ सॉकेटला जोडून प्रोग्रॅम चढवता येतो. आवाज पूर्ण ठेवा, नोटिफिकेशन बंद करा. ‘जे’ दाबल्यावर पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटतो, मग सिम्बल शिफ्ट धरून दोनदा ‘पी’ दाबले की अवतरणचिन्हे येतात, मग एंटर. सुरुवातीला कडेला लाल-आकाशी जाड पट्टे आणि मग निळ्या-पिवळ्या बारीक रेषा धावू लागल्या, म्हणजे यंत्राला आवाज कळतो आहे. मोठ्या प्रोग्रॅमला चार-पाच मिनिटे लागतात.

पुढे आणखी यंत्रे घ्यावीशी वाटली तर दोन गोष्टींपासून जपा. कमोडोर ६४ चा मूळचा जड अडॅप्टर पाच व्होल्टच्या वर जाऊ लागला की मेमरी चिप्स घेऊन जातो, म्हणून तो जोडण्यापूर्वी मोजावा आणि शक्य तर नवीन घ्यावा. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये कागदी फिल्टर कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला चिरा जाऊन आत ओल शिरते आणि एके दिवशी खोलीभर वासाचा धूर होतो. तो सप्लाय सुरुवातीलाच उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात.

सुटे भाग मिळण्याची काळजी मी थोडी करतो. झायलॉगने झेड८० चे स्वतंत्र उत्पादन २०२४ मध्ये थांबवले, आणि स्पेक्ट्रमची यूएलए, म्हणजे चित्र वगैरे सांभाळणारी खास चिप, तर कधीच बाजारातून गेली. छंदिष्टांनी बनवलेले पर्याय मात्र मिळतात. परदेशातून मागवताना कस्टमचा खर्च धरूनच किंमत ठरवा. साठवण्यासाठी कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळते तशी ड्राय कॅबिनेट घ्या. ती परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ते पुन्हा पुन्हा तापवून वाळवा. फोमच्या तुकड्यात गुंडाळू नका, कालांतराने तो चिकट होऊन प्लॅस्टिकला लागतो.

आपल्याकडे अनेकांचे नातलग लिस्बनला आहेत, त्याचा एक फायदा या छंदात होतो. सिंक्लेअरशी भागीदारी असलेल्या अमेरिकेतल्या टाइमेक्स कंपनीने १९८४ मध्ये संगणकांतून अंग काढले, तरी तिच्या पोर्तुगालमधल्या शाखेने स्पेक्ट्रमशी जवळीक असलेला टाइमेक्स कॉम्प्युटर २०४८ बनवला. त्यात कॉम्पोझिट व्हिडिओची सोय मुळातच आहे, त्यामुळे दुसरे यंत्र म्हणून मी तोच सुचवीन. नातलगांना सांगताना ‘अडॅप्टरसकट आणा आणि हातसामानात आणा’ एवढे मात्र बजावून सांगा.