सॅटिन फिनिशची इलेक्ट्रिक गिटार ग्लॉसपेक्षा लवकर खराब होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: एकाच मॉडेलची गिटार सॅटिनमध्ये (मंद चमकीची) ग्लॉसपेक्षा (चकचकीत) स्वस्त मिळतेय, पण दुकानदार म्हणतो, ‘सॅटिन टिकत नाही, दोन वर्षांत जागोजागी चमकायला लागते.’ तुम्ही डोंबिवलीत राहता, रोज वाजवता, आणि ही गिटार दहा वर्षं तरी ठेवायची आहे.

दुकानदाराच्या बोलण्यातला ‘चमकायला लागते’ हा भाग खरा आहे. ‘टिकत नाही’ हा नाही.

माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या आहेत. ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे गणपती, हळद, सोसायटीचा वर्धापनदिन, सगळीकडे त्या माझ्याबरोबर टेम्पोतून फिरतात. सॅटिनवाली काळी आहे, अकरा वर्षांची. उजवा हात जिथे टेकतो तिथे तिच्यावर तळहाताएवढा एक चकचकीत पट्टा उमटलाय. पाठीमागे, पोट लागतं तिथे, त्याहून मोठा. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की नकाशा काढल्यासारखं दिसतं. टेरिकॉटची पँट बसून बसून मागे चमकायला लागते ना, अगदी तसं. आणि कारणही जवळपास तेच.

सॅटिन म्हणजे काही वेगळा, हलका रंग नव्हे. बहुतेक वेळा लॅकर तोच असतो, त्यात सिलिकाची बारीक पूड मिसळलेली असते. वाळल्यावर पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे राहतात आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश विखुरतो, म्हणून चमक मंद दिसते. हात घासून घासून ते उंचवटे सपाट झाले की तेवढ्या जागी ग्लॉस तयार होतो. लाकडाचं संरक्षण करणारा थर शाबूत असतो, फक्त त्याचा चेहरा बदललेला असतो. माझ्या काळ्या गिटारीत अकरा वर्षांत कुठेही लाकूड उघडं पडलेलं नाही.

खरी अडचण पुढे आहे. सॅटिनची ही चमक परत घालवता येत नाही, निदान बॉडीवर तरी सफाईने नाही. हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. एक बारीक ओरखडा पडला म्हणून मी गाडीचं रबिंग कंपाउंड लावून बसलो. ओरखडा गेला. त्याच्या जागी आठ आण्याएवढं टक्कल चमकायला लागलं, आणि ते झाकायला आजूबाजूला घासलं तर रुपयाएवढं झालं. तिथे थांबलो म्हणून बरं. सॅटिनला पॉलिश, वॅक्स, कंपाउंड यातलं काहीही लावू नका. किंचित ओलं सुती फडकं आणि मागून कोरडं, एवढंच.

आता ग्लॉस. ग्लॉसची किंमत जास्त असते ती मुख्यतः मजुरीची. थर चढवायचे, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने सपाट करायचे आणि मग बफिंगच्या चाकावर धरायचं. सॅटिनमध्ये हे शेवटचं काम बरंचसं वाचतं, म्हणून कंपन्या स्वस्त मॉडेलना सॅटिन देतात आणि लोकांना वाटतं की सॅटिन म्हणजेच हलका माल. ग्लॉसवर बोटांचे ठसे, फडक्याचे गोल गोल चरे, बकलच्या खुणा सगळं दिसतं, पण यातलं बरंचसं पॉलिशने काढता येतं. दहा वर्षांनी बफिंग करून घेतलं तर नव्यासारखी दिसू शकते. सॅटिनला ही सोय नाही.

ग्लॉसचं दुखणं वेगळं. माझी लाल ग्लॉस एकदा साउंडचेकच्या घाईत सिंबलच्या स्टँडवर आपटली. जाड पॉलिएस्टरचा थर काचेसारखा कडक असतो, तो दबत नाही, उडतो. खालच्या कडेला नखाएवढा टवका गेला आणि आतलं पांढरं लाकूड दिसायला लागलं. गिटार दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने फेव्हिक्विकसारखा पातळ गोंद थेंबाथेंबाने भरून, वाळवून, घासून सपाट केलं. आज कळत नाही, पण नख फिरवलं तर जाणवतं. तसाच दणका पातळ सॅटिनला बसला असता तर टवका कदाचित उडाला नसता, लाकडाला पोचा पडला असता. दोन्हीत नुकसान आहेच, कुठलं बघवेल ते ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणून दुकानदाराला ‘सॅटिन की ग्लॉस’ याच्याही आधी विचारा की थर कशाचा आहे. घरी फर्निचर करताना सुतार विचारतो ना, मेलामाईन करू की पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन), आणि त्यानंतर मॅट की ग्लॉसी? तीच भानगड इथे आहे. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर घामाला दाद देत नाहीत, मग ते मॅट असोत की चकचकीत. नायट्रोसेल्युलोज मात्र नाजूक. गिब्सन ही गिटार कंपनी आजही तेच वापरते, त्यांच्या लेस पॉल ट्रिब्यूट मॉडेलवर सॅटिन नायट्रो असतं. ते घामाने मऊ पडतं, वर्षांनी पिवळं होतं, एकदम थंडीत नेलं तर बारीक तडे जातात, आणि स्टँडच्या रबराशी त्याची रासायनिक झटापट होऊन डाग पडतो. आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलाघर याची १९६१ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार आठवून बघा. घाम आणि वापर यांनी तिच्यावरचा बहुतेक रंग उतरला होता. तीही नायट्रोच होती, आणि मुळात चकचकीत. म्हणजे ग्लॉस असल्याने ती काही वाचली नाही.

थोडं विषयांतर. हीच फेंडर कंपनी पन्नास-साठच्या दशकांत काही गिटारींना मोटारींचे रंग देत असे, ड्यूपाँट कंपनीचे. त्यांचा फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डवर होता. ड्यूपाँटच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं व्यापारी नाव ड्यूको. आपले रंगारी कपाटाला ‘डुको मारू का’ म्हणतात, तो हाच शब्द, मग डब्यात आज पीयू का असेना.

नेकबद्दल, म्हणजे डावा हात फिरतो त्या दांड्याबद्दल, माझं मत ठाम आहे: मुंबई-ठाण्याच्या हवेत नेक सॅटिनच हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ग्लॉस नेकवर अंगठा चिकटतो, वरच्या फ्रेटकडे सरकताना ब्रेक लागल्यासारखं होतं. कंपन्यांनाही हे कळलंय. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या स्क्वायर अफिनिटी मॉडेलची बॉडी ग्लॉस असते, पण नेकवर सॅटिन युरेथेन. तोही पहिल्या पाच-सहा फ्रेटच्या मागे कालांतराने गुळगुळीत होतो, पण इथे उपाय सोपा आहे. ऑटो-पेंटच्या दुकानात राखाडी रंगाचं बारीक स्कॉचब्राइट मिळतं. नेकच्या लांबीच्या दिशेने आठ-दहा हलके हात मारले की पुन्हा मॅट. भांड्यांचं हिरवं वापरू नका, ते खरबरीत असतं. स्टील वूल वापरणार असाल तर आधी पिकअप (तारांखालचे चुंबक असलेले भाग) टेपने झाका, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकांना चिकटून बसतो आणि निघता निघत नाही. नेकवर नायट्रो असेल तर हा प्रयोग नकोच, थर पातळ असतो. आणि मेपलच्या नेकवर थर एकदा पार झिजला की हाताचा मळ लाकडात मुरतो, ते करडे डाग मग जात नाहीत.

मोकळ्यावरच्या कार्यक्रमांसाठी एक सूचना. डीट असलेला डास पळवणारा स्प्रे किंवा क्रीम हाताला लावून गिटार धरू नका. डीट प्लास्टिक आणि बरेच लॅकर विरघळवतं. नायट्रोवर तर कोपराचा ठसा कायमचा उमटेल. क्रीम लावायचंच असेल तर पायांना लावा.

तुमच्या जागी मी असतो तर पॉलियुरेथेनची सॅटिन घेतली असती आणि वाचलेल्या पैशांत चांगली जाड गादीची बॅग. फक्त काळी घेऊ नका. घासल्याची चमक काळ्यावर सगळ्यात जास्त उठून दिसते, लाकडाचे रेषे दिसणाऱ्या किंवा फिक्या रंगावर वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. आणि दुकानात भिंतीला टांगलेला पीस देऊ केला तर नको म्हणा, पेटीबंद मागवायला सांगा. त्या टांगलेल्या गिटारीवर शंभर गिऱ्हाइकांचे कोपर आधीच घासून गेलेले असतात.