जुनं घर आणि त्याच घरावरची गोष्ट: सुरुवात कुठून करायची

ताई, कोकणातलं आजोळचं घर दुरुस्त करतेस आणि त्याच घरावर कादंबरीही लिहायची आहे, हे ऐकून फार आनंद झाला. दोन्ही जमतं. मात्र घर आधी, आणि तेही छपरापासून. पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदल. वासे, रिपा टोकरून बघ. स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला की लाकूड आतून पोखरलंय समज.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. ओल बाहेर पडत नाही, आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याला पोपडे सुटतात. माझ्या माजघरात हेच झालं. सगळं खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा लागला.

लिहिण्यासाठी सध्या एवढंच:

– रोज काम आटोपलं की दहा ओळी लिही. गवंड्याच्या तोंडचे शब्द तसेच टिपून ठेव: वळचण, पागोळ्या, जोतं.
– सगळं घराणं पहिल्याच प्रकरणात आणू नकोस. एक खोली, दोन माणसं, एक न मिटलेलं भांडण पुरे.
– खर्चाची वही जपून ठेव. पैसे कधी संपले नि कोणी दिले, यातच गोष्ट असते.

प्रकाशकाचं नंतर बोलू. आधी छपराचे फोटो पाठव.