डॉक्टर ‘सीएमई’ला जातात, त्यातून पेशंटला काय मिळतं?

प्रश्न : आमच्या गावचे डॉक्टर अधूनमधून दोन दिवस दवाखाना बंद ठेवून ‘सीएमई’ला, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमाला जातात. हॉटेलातलं जेवण आणि कंपन्यांच्या बॅगा, एवढंच तिथे असतं, असं लोक बोलतात. यातून आम्हा पेशंटना खरंच काही मिळतं का?
– एक शेतकरी वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : मिळतं दादा, पण प्रत्येक सीएमईतून नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी अशा सीएमईतून मिळणारे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. बहुतेक ठिकाणी ते नुसत्या हजेरीवर मिळतात. घोडं पेंड खातं ते इथेच. बॅगांचं म्हणाल, तर कंपन्यांकडून भेटवस्तू घ्यायला डॉक्टरांना नियमानेच मनाई आहे आणि ती कडकपणे पाळली गेली पाहिजे.

तुम्ही जुन्नरचे, म्हणून सर्पदंशाचंच घेते. मी तरुण डॉक्टरांना शिकवायला जाते तेव्हा भाषण थोडक्यात आटपते आणि टेबलावर टेस्ट ट्यूब मांडते. डॉक्टर एकमेकांच्या शिरेतलं ताजं रक्त काढतात, काचेच्या कोऱ्या ट्यूबमध्ये 2 मिली आणि तेवढंच प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये. मग 20 मिनिटं कुणी हात लावायचा नाही. नंतर ट्यूब तिरप्या केल्या की काचेतलं रक्त गोठलेलं असतं, प्लास्टिकमधलं बहुतेकदा अजून पातळ. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त काचेतही गोठलं नाही, तर विष भिनलंय, प्रतिविष लगेच सुरू करायचं. ट्यूबच चुकीची असेल, साबणाने धुतलेली असेल, तर चाचणी फसवते. पुस्तकात ही एक ओळ असते. स्वतःच्या हाताने करून पाहिलेला डॉक्टर ती विसरत नाही.

मण्यार त्याहून अवघड. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत नाही, खूणही बऱ्याचदा सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात आणि घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. या विषाने स्नायू लुळे पडतात, म्हणून अशा वेळी डॉक्टरने पापण्या मिटताहेत का, मान उचलता येते का ते बघायचं असतं. आमच्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टर पावसाळ्याच्या तोंडावर अशा प्रशिक्षणाला आली होती. पुढे असंच पोट दुखणारं एक पोरगं तिच्याकडे आलं. पापण्या मिटत होत्या. तिने ॲसिडिटीचं औषध देऊन घरी पाठवलं नाही; प्रतिविष लावलं आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत 108 मधून पुढे नेलं. डोसही मोठ्या माणसाइतकाच दिला, कारण समोर लहान मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. पोरगं आज शाळेत जातंय.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी वापरली, ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. पण गावोगावचे पेशंट वाचतात ते तिथल्या डॉक्टरला ती गोळी कधी आणि कशी द्यायची हे कळतं तेव्हा. शोध लागणं आणि तो तुमच्या दवाखान्यात पोहोचणं, यात बरीच वर्षं जाऊ शकतात. ती वाट जवळची करणं, हेच सीएमईचं काम.

तेव्हा डॉक्टर परतले की त्यांना आपुलकीने विचारा, ‘साहेब, यावेळी नवीन काय शिकलात? आपल्या दवाखान्यात काय बदलणार?’ शिकून आलेल्या डॉक्टरला हे सांगायला आवडतं.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. अशा प्रशिक्षणाला फक्त डॉक्टरांना बोलावतात. आम्ही काय करावं?
– एक परिचारिका, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी मागणी करा, सगळ्याजणींच्या सह्यांनिशी. रात्री पेशंटला पहिला हात तुमचाच लागतो, घड्याळात 20 मिनिटं तुम्हीच मोजता. प्रशिक्षण मिळेपर्यंत वॉर्डात एवढं नक्की करून घ्या : काचेच्या कोऱ्या ट्यूब वेगळ्या डब्यात, वर ‘सर्पदंश’ अशी चिठ्ठी. आणि प्रतिविषाची सलाईन सुरू होण्याआधी ॲड्रिनलिन, म्हणजे प्रतिविषाची रिॲक्शन आली तर लागणारं इंजेक्शन, सिरिंजमध्ये भरून पेशंटच्या उशाशी. अंगावर पित्त उठलं, खाज सुटली, बीपी उतरलं, तर सलाईन थांबवून डॉक्टरांना हाक मारा; तेव्हा कपाट उघडत बसायला वेळ नसतो.